दोन नखांवरची एक रेघ

१

बाच्या पायाचे अंगठे बांधायला दोरा हवा होता. तो मी दिला. आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा, दुहेरी करून.

"भिकू, तूच बांध," हरेश्वरमामा म्हणाला. मामा आईचा थोरला भाऊ. अशा वेळी कोणी काय करायचं, हे आमच्या वाडीत तोच सांगतो. भिकूकाका बाचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघं एका होडीवर वाढले आणि पुढं दयारामशेठच्या वाफेच्या लाँचवर एकत्रच खलाशी म्हणून लागले. तो मान त्याचाच होता. पण त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"माज्यानं न्हाय व्हनार," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

मग मामानंच बांधलं. खोलीत अंधार होता म्हणून मी दिवा पायांजवळ धरला होता. नाहीतर मला दिसलं नसतं. बाच्या दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर एकेक तांबडी-काळपट रेघ होती. पाय सुटे असताना त्यांच्याकडं कोणाचं लक्ष गेलं नसतं; खलाशाच्या नखांवर काय नसतं? पण मामानं पाय जुळवले तशी एका नखावरची रेघ दुसऱ्या नखावरच्या रेघेला जाऊन मिळाली. एकाच दोऱ्यानं ओढल्यासारखी. पांढरा दोरा तिच्या किंचित मागं, तिला अगदी समांतर बसला.

माझ्या बाचे अंगठे याआधी एकदा कोणीतरी बांधले होते.

२

मी अलिबागला मुलींच्या शाळेत शिकवते. घरी रेवदंड्याला रविवारी तेवढी यायची. त्यामुळं बाचा अपघात मी पाहिला नाही, ऐकला. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी बा आणि भिकूकाका डांबर आणायला खाडीपलीकडं, जंजिरा संस्थानच्या धक्क्यावर गेले, ओल्या पायऱ्यांवर बाचा पाय घसरला आणि डोकं दगडावर आपटलं, असं मला सांगण्यात आलं. त्यानंतर बा बोलला नाही. उजवं अंग गेलं ते गेलंच. भादवा संपताना तोही गेला.

अलिबागच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "इतका वेळ कुठं होते हे?" कोणीतरी म्हणालं, पलीकडून आणायला वेळ लागला. डॉक्टरांनी पुढं विचारलं नाही. मीही नाही.

आजारपणात मी रजा घेऊन घरीच होते. भिकूकाका रोज संध्याकाळी यायचा. कोमट तेलाची वाटी घेऊन बाच्या पायथ्याशी बसायचा आणि पाय चोळायचा. आईला मोतीबिंदू, तिला तेवढाच आधार. "सख्खा भाऊ करनार न्हाय येवढं करतोय," ती सगळ्यांना सांगायची. मला मात्र एका गोष्टीचं नवल वाटे. काका आला की बा डावा पाय आखडून घ्यायचा. हलणारा तेवढाच पाय होता. काका तो हलक्या हातानं पुन्हा ओढून घ्यायचा आणि चोळत बसायचा. बाच्या डोळ्यांतून पाणी येई. आम्ही म्हणायचो, माया आहे.

शेवटच्या संध्याकाळी बानं पाय आखडला नाही. तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

तेराव्यानंतर शेठचा निरोप आला. मुंबईहून विमा कंपनीचे साहेब येणार आहेत. आईनं, म्हणजे भागुबाईंनी, एका कागदावर निशाणी करायची. अपघात संस्थानच्या हद्दीत झाला, मालकाकडं काही मागणं नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. बदल्यात शेठ धर्म म्हणून काही देणार होता.

"दे म्हनतात तर दिऊ निशानी," आई म्हणाली. "मानूस गेलं. भांडून का येनार हाय?"

अलिबागच्या वाचनालयात मी कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा वाचला होता. चार-पाच वर्षांपूर्वीच आलेला. वाफेच्या बोटीवरच्या माणसाला कामात इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, मरण आलं तर त्याच्या बायकोमुलांना. पण हा कायदा इंग्रजी मुलखाचा. खाडीपलीकडं संस्थान, तिथं तो नाही. बा अलीकडं पडला असता तर आईचा हक्क होता. पलीकडं पडला, म्हणून धर्म.

सारं प्रकरण एवढ्यावरच होतं. बा पडला कुठं?

३

आधी शेठला भेटायचं ठरवलं. त्याची वखार वाळूच्या टोकाला. तिच्या मागं उतरत्या लाकडी घसरणीवर लाँच पावसाळाभर वर ओढून ठेवतात. हातानं फिरवायच्या रहाटाला साखळी गुंडाळून ती चढवायची आणि उतरवायची. लाँच आता पाण्यात होती. रहाट उघड्यावर उभा होता.

"बाळाजी म्हणजे हिरा होता, बेन," दयारामशेठ म्हणाला. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतःच पिऊन टाकला. "पण त्या दिवशी मी दोघांना सुट्टी दिलेली. आपल्या मर्जीनं गेले ते. तरीत बसून."

"तर" म्हणजे माणसं पलीकडं नेणारी भाड्याची होडी.

"डांबर कशाला हवं होतं?"

"त्यांच्या स्वतःच्या होडीला असेल. मला काय ठाऊक?"

मी रहाटाकडं पाहत होते. त्याचे लोखंडी दात गंजून खपल्या निघत होत्या. साखळी मात्र निळसर, तेलकट, नवीकोरी.

"साखळी नवीन दिसते."

"ती? ती तर शिमग्यातच बदलली. विम्याच्या साहेबांनी मागच्या साली सांगितलेलं, जुनी बदला. बदलून टाकली. पूछो त्यांना." मग तो हसला. "मास्तरीणबाई झाली म्हणून साखळ्यापण तपासते की काय?"

मीही हसले. आमच्याकडं दाराची कडीसुद्धा एका पावसाळ्यात तांबडी होते. शिमग्यापासून खाऱ्या वाऱ्यात आणि पावसात असलेली साखळी भादव्यानंतर तेलकट कशी राहिली, हे मी त्याला विचारलं नाही.

घरी आले तर आई सुकट निवडत होती. बोटांनी चाचपून, डोळे मिटून. मी सहज म्हटलं, "भिकूकाका खचलाय."

"खचंल न्हाय तर काय? पुनवेला नारळसुद्दा वाहिला न्हाय त्यानं."

नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय आमच्यात कोणी होडी पाण्यात लोटत नाही. नारळ द्यायचा आणि मग लोटायची. भिकूकाकानं उभ्या जन्मात हे चुकवलेलं नव्हतं.

"का नाही वाहिला?"

"म्हनला, होडीला भेग हाय, यंदा लोटायची न्हाय. मग दसऱ्याच्या आधीच फिरतोय की तीच होडी घेऊन. भेग बुजली आसंल." आईनं एक मासा दूर टाकला. "मानूस दुक्कात काय बी बोलतो."

ज्याची होडी नारळाआधीच पाण्यात जाऊन आली आहे, तो पुनवेला नारळ कसा वाहील?

४

शेठच्या कागदावर साक्षीदार म्हणून संस्थानच्या नाक्यावरच्या शिपायाचं नाव होतं. मोहम्मद. दुसऱ्या दिवशी मी तरीतून पलीकडं गेले. नाका म्हणजे धक्क्यावरची एक चौकी, समोर पायऱ्या, पायऱ्यांवर शेवाळ. मोहम्मदभाई साठीकडं झुकलेले, दाढी मेंदीनं रंगवलेली. बाचं नाव ऐकताच त्यांनी कानाला हात लावला.

"मरहूम झाले? या अल्ला. बस, बेटी."

"तुम्ही त्यांना पडताना पाहिलं?"

"नाही ना! तेच मी तुमच्या शेठच्या कारकुनाला सांगितलं, मी पाहिलं नाही. त्यानं काय लिहिलं ते त्यालाच माहीत. मी चौकीत होतो. हाक आली, 'पडला, पडला!' बाहेर आलो तर तुझे वालिद पायऱ्यांवर आडवे आणि तो भिकू बाजूला."

"हाक आली आणि तुम्ही लगेच आलात?"

"ही चौकी, ह्या पायऱ्या. किती वेळ लागतो?"

"दोघं तरीतून आले होते ना?"

मोहम्मदभाईंनी मान हलवली. "तरीला मी रोज पाहतो. तर नव्हती. भिकूची होडी बांधलेली होती खाली. मला ताज्जुबच वाटलं. म्हटलं, कोळी लोक पुनवेच्या आधी कसे आले?"

मी पायऱ्यांकडं पाहत राहिले. खाली पाणी हळूहळू चढत होतं.

"पण एक गोष्ट सांगतो, बेटी. मला अजून त्या आवाजानं झोपेतून जाग येते. मी जवळ गेलो. मला वाटलं, जान आहे. सुरईतलं पाणी आणून ओठांवर धरलं. त्यांनी घोट घेतला. घसा हलला. आणि तो भिकू ओरडला. खुशीनं नव्हे. भूत पाहिल्यासारखा. तिथं, त्या पायरीवर बसला आणि ओरडत राहिला."

"मग?"

"मग त्यांच्या पायांकडं धावला. कमरेची सुरी काढली, काहीतरी कापलं, पाण्यात फेकलं. मी विचारलं, काय होतं? म्हणाला, दोरी गुंतली होती."

५

विम्याचे साहेब आमच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. बारीक अंगाचे, काळ्या टोपीचे, शब्द मोजून वापरणारे गृहस्थ. कागद पसरलेला, शाईची गादी उघडी. दयारामशेठ शेजारी. आई जमिनीवर. हरेश्वरमामा दारात. भिकूकाका खांबाला टेकून, कारण साक्षीदार म्हणून त्याचीही निशाणी हवी होती.

"बाई, मला वाईट वाटतं," साहेब मला म्हणाले. "पण कायदा खाडीच्या मध्यावर संपतो. दुर्घटना पलीकडची."

"ती पलीकडची नसेल तर?"

शेठ म्हणाला, "अरे, साक्षीदार आहे ना!"

"साक्षीदारानं बाला पडताना पाहिलेलं नाही. मी त्यांना भेटून आले." मी आईच्या शेजारी खाली बसले. "साहेब, मेलेल्या माणसाच्या पायाचे अंगठे बांधतात, तुमच्याकडंही बांधत असतील. माझ्या बाचे दोनदा बांधले गेले. दुसऱ्यांदा माझ्यासमोर. पहिल्या वेळची खूण त्याच्या नखांवर होती, ती मामानंही पाहिली आहे."

"व्हय," मामा दारातून म्हणाला. "मला वाटलं, डोळ्यांचा भास."

साहेबांनी टाक खाली ठेवला.

"ती रेघ तांबडी होती. आम्ही जाळ्यांचं सूत झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवतो. सूत ओलं असेल तोवर रंग लागतो, वाळलं की नाही. पुनवेच्या आदल्या दिवशी आमच्या वाळूवर त्या काढ्याची काहील उकळत होती. शेठजींच्या वखारीला लागूनच."

"ओलं सूत कमरेला खोचून पलीकडं नेता येतं," साहेब म्हणाले. आवाजात विरोध नव्हता, हिशेब होता.

"येतं. पण पलीकडं बांधायला वेळ कधी मिळाला? 'पडला' अशी हाक आली आणि शिपाई लगेच बाहेर आला. डोळ्यांसमोर पडलेल्या माणसाला आपण हलवून पाहतो, पाणी मारतो. अंगठे बांधत नाही. अंगठे बांधायला माणूस गेला याची खात्री व्हावी लागते, आणि त्याच्यापाशी बसावं लागतं. शिपाई येईपर्यंत अंगठे बांधलेले होते. कापून फेकलेला दोरा त्यानं पाहिला. म्हणजे बा होडीत चढवला गेला तेव्हाच तो मेला आहे असं कोणीतरी धरून चाललं होतं. आणि ती होडी तरीची नव्हती. नारळाआधी पाण्यात गेलेली एक होडी आमच्या वाडीत आहे. तिच्या मालकानं यंदा नारळ वाहिला नाही."

लाँचची शिट्टी झाली. दुपारची फेरी. इतके दिवस त्या शिट्टीला बा डोळे मिटून घ्यायचा. आता खाट रिकामी होती, आणि तरी आम्ही सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"काका," मी म्हटलं, "तू रोज पाय का चोळायचास?"

भिकूकाका खांबावरून घसरत खाली बसला.

"जाईना गं ती," तो म्हणाला. "तेल लावलं, लिंबू लावला. नखातून जाईना."

"ए भिकू, डोकं ठिकाणावर—" शेठ उठला.

"बसा, शेठजी," साहेब म्हणाले.

काका माझ्याकडं पाहत नव्हता. आईकडं पाहत होता, आणि आईला तो धड दिसत नव्हता. "साखळी तुटली, वैनी. लाँच उतरवत हुतो. टोक फिरून आलं ते बाळाजीच्या डोक्यात. श्वास लागंना हाताला. मी छातीला कान लावला. मना काय बी ऐकू आलं न्हाय. शेठ म्हनला, आता साखळीची चौकशी व्हनार, लाँच बंद व्हनार, सगळी वाडी घरी बसंल. म्हनला, पल्याड ठेवून ये, वैनीला मी बघतो. मेलेल्या मानसाला काय, हितं काय नि तितं काय. मी म्हनलं, व्हय."

"आन् आंगठे?" आईनं विचारलं. पहिल्यांदाच बोलली ती.

"परमुलखात टाकायचा हुता गं त्याला. तितं त्याचं कोन हुतं? पाय वाकडे ऱ्हायले असते. काहिलीजवळ सूत पडलेलं, तेच घेतलं."

साहेबांनी शाईच्या गादीचं झाकण लावलं. "शेठजी, शिमग्यात साखळी बदलल्याचं तुम्ही आम्हाला कळवलं होतं."

"ती आत्ताची आहे," मी म्हटलं. "तिला अजून गंज नाही. जाऊन बघा."

"बघतो. अट मोडली असेल तर विमा कंपनी तुमच्या बाजूला उभी राहणार नाही." ते कागद घडी करत माझ्याकडं वळले. "बाई, एक लक्षात ठेवा. विमा हा शेठजींचा आणि आमचा मामला. तुमच्या आईंचा हक्क शेठजींवर आहे. विमा असो, नसो. भरपाईच्या कमिशनरांकडं अर्ज करा, सहा महिन्यांच्या आत. आणि कोणी कसलाही कागद आणला, तरी निशाणी करू नका."

ते उभे राहिले, जोडे घातले, आणि उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "माझ्या कंपनीचा माणूस म्हणून मी हे बोलायला नको होतं."

६

पण अर्जाला साक्ष लागते. नखं राहिली नव्हती. ती बाबरोबर गेली. मोहम्मदभाई संस्थानचे नोकर, परवानगी मिळणार नाही असं त्यांनी कळवलं. उरला भिकूकाका. तो बोलला तर त्याची नोकरी जाणार, फौजदार मागं लागणार. आणि नाही बोलला तर आईचा हक्क खाडीपलीकडंच राहणार. मी त्याच्या घरी गेले नाही. त्याला गळ घालणं मला जमलं नसतं, आणि तो नाही म्हणाला असता तर ते ऐकणंही.

सुनावणीच्या दिवशी तो कचेरीच्या पायऱ्यांवर माझ्याआधी येऊन बसला होता. धुतलेला सदरा, डोक्यावर लाल टोपी. त्यानं सगळं सांगितलं. साखळी, होडी, दोरा. शेठच्या वकिलानं विचारलं, "जिवंत माणसाला मेला समजलास, मग तुझ्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"त्याच चुकीपायी आलोय, साहेब," काका म्हणाला. "तेवडी एक गोष्ट खोटी असती तर बरं झालं असतं."

कमिशनरांनी ते शब्द स्वतःच्या हातानं लिहून घेतले.

निकाल आईच्या बाजूनं लागला. अपघात रेवदंड्याच्या वखारीत, कामावर असताना झाला. भरपाई मालकानं द्यावी. शेठचं आणि विम्याचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. काकाची नोकरी गेली. फौजदारानं दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावणं आलं नाही.

कचेरीतून बाहेर पडलो तेव्हा आई मामाबरोबर पुढं गेली होती. काका मागं राहिला.

"केसर, तू शिकलेली हायेस. खरं सांग. तवाच डाक्तरकडं नेला असता तर?"

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न मला आठवत होता. त्याचा अर्थही आता कळत होता.

"ते कोणालाच सांगता येणार नाही, काका."

तो चालत राहिला. समुद्राची गाज ऐकू यायला लागली तिथं पुन्हा थांबला. "माजा हात लागला की पाय आखडून घ्यायचा तो. त्याला ठावं हुतं. सगळं ठावं हुतं त्याला."

बाला काय ठाऊक होतं, मला कळलेलं नाही. होडीच्या तळाशी, बांधलेल्या अंगठ्यांनिशी तो किती जागा होता. काकाच्या वल्ह्याचा आवाज त्यानं ऐकला का. शिट्टी झाली की मिटलेल्या डोळ्यांआड काय दिसायचं. त्याला बोलता आलं असतं तर पहिल्यांदा कोणाचं नाव घेतलं असतं. याचा तपास मला करता येणार नाही.

मला एकच गोष्ट खात्रीनं ठाऊक होती. तिचा अर्थ मात्र मी आजही लावलेला नाही. कदाचित ती क्षमा असेल. कदाचित त्याच्या अंगात तेवढी ताकदच उरली नसेल.

"शेवटच्या दिवशी नाही आखडला," मी म्हटलं.

काका वाळूत खाली बसला आणि स्वतःच्या पायांकडं पाहू लागला.